कौसल्याबाईंचे आजार

एकाच बाईला एकाच हिवाळ्यात मुतखडा, गोवर, दिवस गेल्यावरच्या उलट्या, म्हाताऱ्या पुरुषांना होतो तो लघवीचा त्रास आणि वर मिरगी, एवढं सगळं होऊ शकतं का? हा प्रश्न घेऊन मी वऱ्हाडात गेले आणि सहाव्या दिवशी परत आले. उत्तर मिळालं, पण त्याचं करायचं काय हे मला अजून कळलेलं नाही. नवरा म्हणतो, लिहून काढ, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. म्हणून लिहिते आहे.

आधी माझं काम सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ही बाई दुसऱ्याची दुखणी मोजत का फिरते. पुण्यात आमची एक छोटी संशोधन संस्था आहे. खेड्यातल्या माणसाला उपकेंद्रात बसून, पडद्यावर, शहरातला डॉक्टर भेटावा अशी सोय आता झाली आहे. ती कुठे चालते, कुठे अडते हे आम्ही बघतो आणि सरकारच्या समितीला टिपण देतो. दोन वर्षांपूर्वीच्या टिपणात मी एक अट सुचवली होती: एक माणूस, एक मोबाईल, एक खातं. ज्याचा आजार त्याच्याच नावावर नोंदायचा, आणि त्याच्याच फोनवर आलेला सहा आकडी क्रमांक टाकल्याशिवाय डॉक्टर पडद्यावर यायचा नाही. म्हणजे खोटे रुग्ण बंद. ही अट काही तालुक्यांत प्रयोग म्हणून लागू झाली, आणि यंदा ती साऱ्या राज्याला लावा असं लिहायला माझे हात शिवशिवत होते. तेवढ्यात पातूर तालुक्यातल्या एका उपकेंद्राच्या नोंदी टेबलावर आल्या. पानामागून पान उलटलं तरी आजार वेगळा आणि नाव एकच. कौसल्याबाई, वय बासष्ट.

न समजलेली गोष्ट मला सोसत नाही. मी तिकीट काढलं.

अमरावती

सुरुवातच घोटाळ्याने झाली. अमरावतीला जायचं तर बडनेऱ्याला उतरायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बडनेरा आलं तेव्हा मी आरामात खिडकीशी बसून होते. समोरच्या बाईंनी माझी बॅग उचलून दाराकडे नेली आणि मला दम भरला, "ओ बाई, उतरा ना! नाई तं धामणगावले जासान!" पुण्यात कुणी माझ्या बॅगेला असा हात लावला असता तर मी आरडाओरडा केला असता. इथे मुकाट्याने उतरले.

पडद्यापलीकडचे डॉक्टर अमरावतीत बसतात. डॉ. मोहोड, वय पंचावन्नच्या पुढे, कानाला यंत्र, समोर पडदा आणि शेजारी संत्र्यांच्या सालींचा ढीग. दोन रुग्णांच्या मध्ये ते एक फोड तोंडात टाकत होते. मला अख्खं संत्रं दिलं. मी नको म्हटलं, तर त्यांनी ते सोलून माझ्या हातात ठेवलं.

"डॉक्टर, या कौसल्याबाई खऱ्या आहेत का?" मी विचारलं.

"एकदम खऱ्या."

"मग इतके आजार?"

"तब्येत ठणठणीत आहे त्यांची. डोळे सोडले तर."

"आणि गरोदर होत्या हे?"

"माझ्यासमोर जी बोलत होती ती होती ना गरोदर!" ते शांतपणे म्हणाले. "मॅडम, मी समोरचा चेहरा बघतो, आवाज ऐकतो आणि त्या माणसाला औषध देतो. वरती नाव काय आहे, ते तुमच्यासारख्यांच्या कामाचं."

मला राग आला. तो दिसला असावा, कारण त्यांनी आणखी एक संत्रं पुढे केलं. निघताना म्हणाले, "त्या गावात फोन किती आहेत, हे विचारू नका. दुपारी बारा वाजता किती आहेत, ते विचारा." मी ते वहीत लिहिलं आणि पुढे भलं मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

संध्याकाळी गिला वडा खाल्ला. दह्यात बुडवलेला वडा, वर गोड आणि तिखट चटणी. दही आहे म्हणजे सौम्य असेल असा माझा समज होता. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा गाडीवाला म्हणाला, "पुन्याच्या काय?" आणि न मागता आणखी दही घातलं.

पातूरच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी अकोला गाठलं आणि तिथून जीपने पातूरकडे निघाले. अकोला सोडलं की काळी सपाट जमीन, त्यावर फुटलेला कापूस, मध्येच तुरीच्या ओळी. पातूर जवळ आलं की डोंगर दिसू लागतात. गावाचं नाव मी देत नाही. कौसल्याबाई हेही खरं नाव नाही. का, ते पुढे कळेल.

गाव रिकामं होतं. कुत्रीसुद्धा सावली धरून होती. उपकेंद्रात प्रतिभा सिस्टर होत्या, तिशीच्या, अकोल्याच्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मी नोंदवही मागितली, पहिल्याच पानावर बोट ठेवलं आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, "ह्या खोट्या नोंदी कुणाच्या सांगण्यावरून भरता?"

सिस्टर काही बोलायच्या आत दारात दोन बायका आल्या. एक उंच, हाडापेराने मजबूत म्हातारी. तिचा हात धरून वीस-एकवीस वर्षांची मुलगी. मुलीने तिला पायरी चढवली, बाकावर बसवलं आणि मागे भिंतीला टेकून उभी राहिली.

"तुमीच का त्या पुन्याच्या?" म्हातारीने आवाजाच्या दिशेने विचारलं. "शिस्टरले काहून रागावून राहिल्या? मी कौसल्या. मले विचारा."

"हे सगळे आजार तुमचे?"

"माह्या नावावर हायेत तं माह्येच म्हना."

मग सिस्टरने हळूहळू सांगितलं. फोन बहुतेक घरी आहे, पण घरटी एकच, आणि तो घरधन्याच्या खिशात वावरात, म्हणजे शेतात, जातो. इकडे बाई लेकराला घेऊन येते तेव्हा क्रमांक तिकडे वावरात वाजतो. तोवर पडद्यावरचे डॉक्टर उठून जातात. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी अख्ख्या गावात घरी असलेला फोन एकच, कौसल्याबाईंचा. त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या, मुलगा सुरतेला असतो, त्याने घेऊन दिलेला.

"मग त्यांच्या फोनवर प्रत्येकाचं वेगळं नाव टाकायचं," मी म्हणाले.

"तसंच टाकत होतो आधी," सिस्टर म्हणाल्या. "मग अट आली ना मॅडम. एका मोबाईलवर एकच खातं."

ती अट कुणाची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

"त्यात काय झालं?" कौसल्याबाई म्हणाल्या. "देवळात नारळ एक जन फोडते, परसाद साऱ्याइले भेटते."

नोंदवहीतल्या एकेका आजाराचा धनी सिस्टरने सांगितला. मुतखडा विहिरीवरच्या गड्याचा, गोवर शेजारच्या लेकराचा, उलट्या कुणाच्या सुनेच्या. मी समोर टिकमार्क करत गेले. "आणि ही मिरगी? दर महिन्याला औषध चालू आहे." सिस्टरने भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघायला सुरुवात केली.

"ती माही हाय," कौसल्याबाई म्हणाल्या. "खरीखुरी."

डॉक्टर तर म्हणाले होते तब्येत ठणठणीत आहे. माझा गोंधळ मिटायच्या ऐवजी वाढला.

त्यांनी मला जेवायलाच नेलं. वाटेत ती मुलगी त्यांचा हात धरून चालत होती आणि ओट्यावरची एक म्हातारी म्हणाली, "गुनाची पोट्टी हाय. काकूले दवाखान्यात तेच नेते." घरी कढी आणि फुणके होते. फुणके म्हणजे भिजवलेल्या तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके, कढीत कुस्करून खायचे. मी चार खाल्ले आणि पाचव्याला नाही म्हटलं, तेव्हा पानात दोन पडले. पुण्यात आम्ही नाही म्हटलं की नाही समजतो, हे सांगायची सोय नव्हती.

"तुमाले लेकरं किती?"

"एक मुलगी."

"दुसरं काहून नाई?"

अठ्ठावीस वर्षांत माझ्या सासूबाईंनी हा प्रश्न इतका सरळ विचारला नव्हता. मी कढी प्याले.

जेवणानंतर कौसल्याबाईंनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. सगळ्या गावाच्या गोळ्या त्यात होत्या. ज्यांचं औषध दर महिन्याला चालू आहे त्यांच्या गोळ्या सिस्टर या डब्यात टाकतात आणि बायका वावरातून परतल्या की कौसल्याबाई दारोदार वाटतात. कुणाची पाकिटं कोणती, हे त्यांना रंगावरून, अक्षरांवरून पाठ होतं. होतं, असं म्हणते, कारण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

"सारं धुईवानी, धुक्यावानी दिसते," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात दोन घरच्या गोळ्यांची अदलाबदल झाली. बीपीची गोळी भलत्याच घरी देली. तिथल्या पोट्टीनं वळखली म्हून बरं." हे सांगताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "एखाद्यानं गिळली असती तं? म्या काय तोंड दाखवलं असतं?"

अकोल्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून त्या दोनदा परत आल्या होत्या. तिथे संगणकावर त्यांचं खातं उघडलं की हे सगळे आजार निघत. इतकी दुखणी असलेल्या बाईच्या डोळ्याला हात कोण लावणार? माझ्या एका वाक्याने त्यांचं ऑपरेशन अडवून ठेवलं होतं. मला ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर चला. मी सांगते त्या डॉक्टरांना."

अकोला

डोळ्यांची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने खातं उघडलं, वाचत गेली आणि तिच्या भुवया वर चढत गेल्या.

"आजी, तुम्ही गरोदर होता?"

"त्याले तीस वर्षं झाले, माय."

मी संस्थेचं ओळखपत्र काढलं आणि चूक कशी झाली ते समजावलं. डॉक्टर हुशार होती, तिला लगेच उमगलं. म्हणाली, "हरकत नाही. जे तुमचं नाही ते मी आत्ताच खोडते. फक्त एक लक्षात ठेवा. जो आजार खोडला त्याचं औषध पुढे तुमच्या नावावर मिळणार नाही. मुतखडा?"

"खोड."

"गोवर?"

"खोड."

गरोदरपण खोडलं, लघवीचा त्रास खोडला; यांतलं कुणाचंच औषध आता चालू नव्हतं. मी मनातल्या मनात जीपवाल्याला चहा सांगायला लागले होते.

"मिरगी?"

"ते राहू दे."

"तुम्हाला फिट येतात?"

"येतात कदी कदी."

मी तोंड उघडलं. त्यांनी टेबलाखाली माझं मनगट असं काही आवळलं की तोंड आपोआप मिटलं. डॉक्टर म्हणाली, मिरगी असेल तर ती काबूत आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरने सांगायला हवं, त्याशिवाय ती शस्त्रक्रिया करणार नाही. तिचं म्हणणं रास्त होतं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी भडकले. "काहून?" मी म्हणाले. तिसऱ्याच दिवशी तो शब्द माझ्या तोंडात बसला होता. "आता सगळं सुटत होतं. फिट येत नाहीत ना तुम्हाला?"

"नाई."

"मग?"

त्यांनी आजूबाजूला कान दिला. शेजारी कुणी नाही याची खात्री झाल्यावर म्हणाल्या, "माह्या हात धरून येते ना, ते पोट्टी. तिची हाय. दोन वर्षं झाले, गोळी घेते तं एकदाही नाई आली. आता तिले पाहुने पाहाले येऊन राहिले. तिच्या नावावर एकदा मिरगी लिहिली का गावात फुटलीच समजा. मंग तिच्या दाराशी कोन येते?"

म्हणजे म्हातारी मुलीचा हात धरून दवाखान्यात जात नव्हती. मुलगी म्हातारीच्या नावाआडून जात होती, आणि गाव तिला गुणाची म्हणत होतं. डॉ. मोहोड ज्या आवाजाला औषध देत होते तो हा आवाज.

"पण तुमच्या नावावर राहील त्याचं काय?"

"मले मिरगी असली तं काय होते?" कौसल्याबाई म्हणाल्या. "माह्यं लगन होऊन गेलं."

मला हसूही आलं आणि रडूही. पण माझं मोडकं पुणेरी मन लगेच पुढे सरसावलं. होणाऱ्या नवऱ्यापासून लपवणं बरोबर आहे का? मी तसं विचारलं.

"सांगीन म्हनते ते त्याले. पन आधी पाहीन म्हनते, मानूस कसा हाय. तुमी लगन केलं तवा सारं सांगतलं होतं काय?"

मला चष्मा होता, आणि दाखवायच्या कार्यक्रमात तो आईने काढून ठेवायला लावला होता. चष्मा आणि मिरगी एक नव्हे, हे मला समजतं. तरी मी पर्समधून फोन काढला.

मी डॉ. मोहोडांना व्हिडिओवर फोन लावला. त्यांच्या तोंडात संत्रं होतं. मी सांगू लागले तर म्हणाले, "मला ठाऊक आहे. त्या डॉक्टरला फोन द्या." आत टेबलावर फोन उभा केला. त्यांनी रक्तदाब मोजायला लावला, साखर बघितली, हृदयाचा आलेख काढून मागितला आणि नीट वाचला. सगळं चांगलं होतं. मग म्हणाले, "ही नोंद माझ्याकडची आहे. दोन वर्षांत एकही फिट नाही. औषध नियमित आहे. शस्त्रक्रियेला माझी हरकत नाही." आणि मोठ्याने, "काकू, गोळी चुकत नाही ना?"

"एक दिवस चुकू देत नाई मी," कौसल्याबाई म्हणाल्या.

मी तिथे उभी राहून एकेक वाक्य तपासत होते. त्यातलं एकही खोटं नव्हतं, आणि तरी सगळं मिळून खरंही नव्हतं. माझं आयुष्य नोंदी तपासण्यात गेलं आहे. अशी नोंद कोणत्या रकान्यात बसते ते मला कुणी शिकवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा मी समोर होते. त्यांनी डोळा बारीक करून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुमी तं म्हाताऱ्या निंगाल्या, बाप्पा! आवाजावरून मले पोट्टी वाटे."

डॉक्टरपासून आयापर्यंत सगळे हसले. परतताना जीपमध्ये मला एकदम सुचलं, आता डोळे बरे झाले तर ती मुलगी यांचा हात धरून कशाला येईल? तसं म्हणाले.

"आता पाय दुखतील माह्ये," कौसल्याबाई म्हणाल्या आणि खिडकीतून कापूस बघू लागल्या. वाटेतल्या प्रत्येक पाटीचं नाव त्या मोठ्याने वाचत होत्या. गावात उतरताना त्यांनी माझा फोन नंबर मागितला. मी दिला. डोळ्याजवळ न धरता त्यांनी तो स्वतःच्या फोनमध्ये टाकला.

पुणे

परत आल्यावर मी टिपण पुन्हा लिहिलं. एका फोनवर कितीही माणसांना खाती उघडू द्यावीत, आणि ज्यांना नाव लपवायचं आहे त्यांना नुसत्या क्रमांकावर औषध मिळावं, असं सुचवलं. समितीकडून विचारणा आली: अशी गरज असलेल्या रुग्णांची संख्या किती? जे लपवल्यामुळे टिकलं आहे, त्याचा आकडा मी कुठून आणू? आणायचा तर त्या मुलीच्या दारातच जाऊन विचारावं लागेल. उत्तर अजून पाठवलेलं नाही. माझ्या जुन्या अटीमुळे खोटे रुग्ण थोडे कमी झाले असतील, हेही खरं आहे. कोणत्या बाजूने बोलायचं ते कळत नाही.

उन्हाळ्यात लग्नपत्रिका आली. मुलीचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं आणि पत्रिका कपाटात आत ठेवून दिली.

गेल्या सोमवारी दुपारी जेवायला बसलो होतो. माझ्या फोनवर सहा आकड्यांचा संदेश आला. मला वाटलं कुणी तरी फसवतंय. पाठोपाठ अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज मी ओळखला, भिंतीला टेकून उभी राहणाऱ्या मुलीचा होता तो.

"म्याडम, काकूनं नंबर देला तुमचा. इथं सासरी शिस्टर नवीन हाय, अन् इथं काकू नाई. चार गोळ्या उरल्या." तिने आवाज खाली आणला. "त्याले सांगीन मी. पन अजून नाई सांगतलं. आकडा सांगता काय?"

टेबलावर माझं टिपण उघडं पडलं होतं. उद्या मीच रस्त्यात पडले आणि कुणी माझं खातं उघडलं तर, हाही विचार मनात येऊन गेला. सिस्टर पलीकडे ताटकळत असेल, डॉक्टर उठून जातील. मी चष्मा लावला आणि सहाच्या सहा आकडे सावकाश वाचून दाखवले. तिने दोनदा म्हणून घेतले.

दहा मिनिटांनी पुन्हा संदेश वाजला. फोन नवऱ्याच्या ताटाजवळ होता. त्याने वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"तुला मिरगी आहे?"

"राहू दे," मी म्हणाले. "माझं लग्न होऊन गेलंय."